आयतालेखातील तयार वर्ग : सांताक्रूझची पर्जन्यमाला आणि मनोरीची खाडी – एक चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय पाठ्यपुस्तकातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला आयतालेख परिचित असतो. वर्ग पाडणे, ताळ्याच्या खुणा करणे, वारंवारता सारणी मांडणे आणि मग आलेखकागदावर एकमेकांना चिकटलेले आयत काढणे ही त्याची रीत. या रीतीत श्रम होते आणि त्या श्रमांत एक निर्णयही दडलेला होता : वर्ग किती पाडावेत आणि कोठून सुरू करावेत. संगणकीय लायब्ररीने श्रम वाचवले हे निर्विवाद. परंतु श्रमांबरोबर निर्णयही विद्यार्थ्याच्या हातून गेला, याकडे अध्यापनात पुरेसे लक्ष दिले गेले असे म्हणता येणार नाही. एका ओळीची आज्ञा दिली की चित्र तयार होते, आणि तयार चित्राला प्रश्न विचारण्याची सवय सहसा लावली जात नाही.

‘लायब्ररी’ या शब्दाचे ‘ग्रंथालय’ असे भाषांतर काही मराठी पुस्तकांत आढळते. ते दिशाभूल करणारे आहे. प्रोग्रामिंगमधील लायब्ररी म्हणजे वाचण्याच्या ग्रंथांचा संग्रह नव्हे, तर दुसऱ्याने घडवलेल्या हत्यारांची पेटी होय. सुताराच्या पेटीतील पटाशी जशी धार लावूनच येते, तशी या पेटीतील प्रत्येक आज्ञा काही गृहीतके घेऊन येते. प्रस्तुत लेखात त्या गृहीतकांची तपासणी एका ठोस उदाहरणावर केली आहे. उदाहरण मुंबई उपनगरातील पावसाचे आहे, आणि ते ज्या ठिकाणाला लावून पाहायचे ते ठिकाण मनोरी आहे.

मनोरीला स्वतःची दीर्घ पर्जन्यमाला नाही. मार्वेच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडली की लागणारे हे कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचे गाव प्रशासकीयदृष्ट्या बृहन्मुंबईत मोडते. त्यामुळे त्याच्या पावसाचा विचार करताना अभ्यासक भारतीय हवामान विभागाच्या सांताक्रूझ वेधशाळेची नोंद हाताशी घेतो. तुळशी तलावाच्या परिसरातून निघालेली दहिसर नदी ज्या खाडीतून समुद्राला मिळते ती मनोरीचीच खाडी. म्हणून येथील प्रश्न एकट्या गावाचा राहत नाही. पाऊस किती, आणि तो पडत असताना खाडीचे पाणी कोठवर चढलेले, या दोन गोष्टींवर वरच्या वस्त्यांचे भवितव्य अवलंबून असते.

दहा आयत

२६ जुलै २००५ रोजी सुरू होऊन २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४.२ मिमी पाऊस नोंदला गेला. मुंबईत त्या पुराने चारशेहून अधिक माणसे दगावली. एखाद्या अभ्यासकाने सांताक्रूझच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांच्या अनेक वर्षांच्या दैनिक नोंदी एका मालिकेत भरल्या, आणि पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब किंवा पँडाज लायब्ररीला त्या मालिकेचा आयतालेख काढण्यास सांगितले, तर काय दिसेल?

या लायब्ररींचे डिफॉल्ट दहा वर्गांचे आहे. किमान मूल्य शून्य आणि कमाल ९४४.२ असल्याने प्रत्येक वर्गाची रुंदी ९४.४२ मिमी होते. आता हवामान विभागाची वर्गवारी शेजारी ठेवून पाहावी. २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. लायब्ररीच्या पहिल्याच आयतात कोरडा दिवस, तुरळक सरींचा दिवस, मध्यम पावसाचा दिवस आणि मुसळधार वर्गाचा अर्ध्याहून अधिक पल्ला हे सर्व एकत्र कोंबले जाते. शेतकरी, मच्छीमार, रेल्वे प्रशासन आणि महापालिका यांना ज्या भेदांशी रोजचे कर्तव्य आहे, ते सगळे भेद एका उंच खांबात नाहीसे होतात.

उजवीकडचे दृश्य याहून चमत्कारिक आहे. सांताक्रूझची जुलै महिन्यातील २००५ च्या विक्रमाखालोखालची नोंद ३७५.२ मिमीची असून ती २ जुलै २०१९ रोजी पुन्हा गाठली गेली. ही नोंद चौथ्या वर्गात पडते. त्यानंतर पाचव्यापासून नवव्यापर्यंत पाच वर्ग जवळजवळ रिकामे आणि दहाव्यात एकच दिवस. तीन-साडेतीन हजार दिवसांच्या उंचीपुढे एका दिवसाचा आयत छापील पानावर केसाएवढाही दिसत नाही. वाचकाला वाटते, अक्ष उगाच लांबवला आहे. म्हणजे ज्या एका दिवसामुळे वर्गांची रुंदी ठरली, तोच दिवस चित्रात अदृश्य राहतो.

असा अनुभव आला की अभ्यासक पुढचे पाऊल टाकतो ते अधिक घातक असते. चित्र ‘नीट’ दिसावे म्हणून तो ‘रेंज’ हा प्राचल शून्य ते तीनशे असा देतो. नमपायच्या नियमानुसार या मर्यादेबाहेरची मूल्ये मोजलीच जात नाहीत. त्याविषयी कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. चित्र देखणे होते, डावीकडील उतार स्पष्ट होतो, आणि २६ जुलै मालिकेतून गळून पडतो. अक्षाची दृश्य मर्यादा बदलणे आणि मोजणीची मर्यादा बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे प्रात्यक्षिकाच्या वहीत क्वचितच लिहिलेले असते. घनतेचा पर्याय निवडलेला असल्यास दोष आणखी खोल जातो, कारण गळलेल्या दिवसांना वगळून उरलेल्यांचे क्षेत्रफळ एक धरले जाते आणि बेरीज बरोबर जुळते.

गळतीचा दुसरा मार्ग अनुपलब्ध नोंदींचा. पँडाजमधील मालिकेचा आयतालेख काढताना रिकाम्या नोंदी आपोआप वगळल्या जातात. सामान्य परिस्थितीत हे सोयीचे आहे. मात्र पर्जन्यमापक बंद पडण्याचा संभव भर पावसात, वीज गेल्यावर किंवा यंत्रात पाणी शिरल्यावरच अधिक. तेव्हा वगळलेले दिवस हे यादृच्छिक दिवस नसतात. ज्या जुन्या संचांत अनुपलब्ध दिवसासाठी उणे ९९९ असा संकेतांक वापरतात, तेथे निदान चूक डोळ्यांना दिसते, कारण वर्ग थेट उणे बाजूकडून सुरू होतात. रिकामी नोंद मात्र चित्रावर कसलीच खूण ठेवत नाही.

वर्गसंख्येचे नियम आणि त्यांची मर्यादा

‘हिस्टोग्राम’ हा शब्द कार्ल पिअर्सन यांनी रूढ केला. १८९५ च्या त्यांच्या लेखनात तो छापील स्वरूपात आढळतो. वर्गांची संख्या किती असावी याला पहिला प्रसिद्ध नियम दिला तो स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये. एकूण निरीक्षणांचा दोन या पायाचा लॉगॅरिथम घ्यावा आणि त्यात एक मिळवावा, असा तो नियम. त्यामागे द्विपद वितरणाचे, पर्यायाने प्रसामान्य वितरणाचे गृहीतक आहे. तीस वर्षांच्या पावसाळ्यांचे १२२ गुणिले ३० म्हणजे ३६६० दिवस होतात आणि नियमानुसार तेरा वर्ग येतात. ‘आर’ भाषेत हाच नियम डिफॉल्ट आहे. परंतु ती भाषा त्या संख्येचा आदेश म्हणून नव्हे तर सूचना म्हणून स्वीकार करते आणि सीमा सोयीच्या पूर्णांकांवर आणते. सांताक्रूझच्या पल्ल्यासाठी त्यातून शंभर-शंभर मिमीचे वर्ग निष्पन्न होतात. पायथनच्या ९४.४२ पेक्षा ते वाचायला सुसह्य, पण पहिल्या खांबाचा प्रश्न तसाच राहतो.

स्कॉट यांचा १९७९ चा नियम प्रमाण विचलनावर, तर फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा १९८१ चा नियम चतुर्थकांतरावर आधारलेला आहे. दुसरा नियम टोकाच्या मूल्यांना बधत नाही म्हणून पावसासारख्या एकीकडे झुकलेल्या वितरणाला तो योग्य वाटतो. तथापि त्याचाही हिशेब करून पाहावा. चतुर्थकांतर समजा २० मिमी मानले, तर ३६६० दिवसांसाठी वर्गाची रुंदी सुमारे २.६ मिमी येते, आणि शून्यापासून ९४४.२ पर्यंत साडेतीनशेहून अधिक वर्ग लागतात. त्यांतील बहुसंख्य रिकामे. डावीकडचा भाग आता वाचता येतो, उजवीकडचा एकुलता दिवस मात्र आधीपेक्षाही बारीक होतो. यावरून असे दिसते की अडचण नियमांच्या निवडीत नाही. सम रुंदीचे वर्ग हेच गृहीतक अशा मालिकेला मानवत नाही.

मग विषम वर्ग घ्यावेत, आणि तेही हवामान विभागाचे तयार असलेले, हे ओघाने आले. येथे आयतालेखाचा मूलभूत सिद्धान्त आठवणे अगत्याचे आहे. आयतालेखात वारंवारता दाखवते ते आयताचे क्षेत्रफळ, उंची नव्हे. हलक्या पावसाचा वर्ग साधारण १३ मिमी रुंद, मध्यम पावसाचा ४९ मिमी. दोन्ही वर्गांत समजा तीनशे-तीनशे दिवस पडले, तर दर मिलिमीटरमागे पहिल्यात २३ आणि दुसऱ्यात अवघे ६ दिवस येतात. मॅटप्लॉटलिबला असे विषम वर्ग दिले आणि घनतेचा पर्याय मागितला नाही, तर ती दोन्ही आयत सारख्याच उंचीचे काढते. रुंद आयत चौपट जागा व्यापतो आणि डोळा मध्यम पावसाला चौपट वजन देतो. ‘आर’ येथे अधिक जबाबदार ठरते. विषम वर्ग दिले की ती स्वतःहून घनतेकडे वळते. वापरणाऱ्याने वारंवारतेचा हट्ट धरलाच तर क्षेत्रफळे चुकीची आहेत असा इशारा देते. एकाच शास्त्राच्या दोन साधनांत हा स्वभावभेद असावा, ही बाब केवळ तांत्रिक मानून सोडून देण्यासारखी नाही.

शेवटचा वर्ग वरून खुला आहे ही अडचण उरतेच. खुल्या वर्गाला क्षेत्रफळ नसते. २०४.५ च्या पुढचे दिवस एका आयतात काढायचे तर त्याची उजवी सीमा कोणी तरी ठरवावी लागेल, आणि ती ९४४.२ वर ठेवली तर २६ जुलैचा भार उरलेल्या सर्व अत्यंत मुसळधार दिवसांवर पसरला जाईल. अशा वेळी तो भाग आलेखात न काढता दिवसांची यादीच शेजारी छापणे प्रामाणिकपणाचे होईल. थोड्या दिवसांची यादी छापायला फारशी जागा लागत नाही.

सीमेवरचे मूल्य

पाठ्यपुस्तकातील असमावेशक पद्धतीत १० ते २० आणि २० ते ३० असे वर्ग असतील, तर २० हे मूल्य दुसऱ्या वर्गात घेतात. नमपाय हाच प्रघात पाळते, फक्त शेवटच्या वर्गात वरची सीमाही समाविष्ट करते. ती सवलत नसती तर ९४४.२ ला कोणताच वर्ग मिळाला नसता. ‘आर’मध्ये उलट रीत आहे. तेथे २० पहिल्या वर्गात जाते. नोंदी दशांशात असतील तर हा फरक नगण्य ठरतो. परंतु गुण, वय, कुटुंबातील माणसे अशा पूर्णांकी मालिका महाविद्यालयीन प्रकल्पांत सर्रास असतात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच मालिकेवरून दोन भाषांत काढलेल्या आयतालेखांत वारंवारता जुळत नाहीत, आणि परीक्षक एकाला चूक ठरवतो, असे घडणे अशक्य नाही.

पाऊसही वाटतो तितका अखंडित नसतो. २००५ नंतर महापालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. अशा अनेक यंत्रांत तराजूसारखी कलंडणारी दोन छोटी पात्रे असतात. ठरावीक पाणी साचले की एक पात्र कलंडते आणि एक नोंद पडते. समजा एका कलंडण्याचे मोल अर्धा मिलिमीटर आहे. मग मालिकेत ०.५ च्या पटीतच मूल्ये येणार. पंधरा-पंधरा मिनिटांच्या अशा मालिकेत कमाल ३१ मिमी असेल, तर दहा वर्गांची रुंदी ३.१ येते. पहिल्या वर्गात सात शक्य मूल्ये बसतात, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येकी सहा, सहाव्यात पुन्हा सात, सातव्यापासून नवव्यापर्यंत सहा आणि दहाव्यात सात. सहाव्या वर्गातील उंचवटा पावसाने निर्माण केलेला नाही. तो भागाकाराने निर्माण केला. त्या उंचवट्याला ‘पावसाचे दुसरे शिखर’ म्हणून अर्थ लावण्याचा मोह होऊ शकतो. वर्गाची रुंदी मापनयंत्राच्या लघुतम मापाच्या पटीत घ्यावी, हा साधा उपाय आहे, आणि कोणतीही लायब्ररी तो स्वतःहून योजू शकत नाही, कारण यंत्राचे लघुतम माप तिला ठाऊक नसते.

या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाण्यांवरील कामाचे स्मरण होते. गणिती असलेल्या कोसंबींनी आहत नाणी हजारोंच्या संख्येने स्वतः तोलली आणि चलनात फिरल्याने नाण्यांचे सरासरी वजन घटते तसा वजनांचा विस्तारही वाढतो, या तत्त्वावर त्यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. वजने वर्गांत घालण्यापूर्वी तराजू कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न तेथे आधी येतो. आजच्या प्रकल्प अहवालांत नेमकी ही पायरी गाळलेली आढळते. वाचक थेट चित्रापाशी पोहोचतो.

दोन वेधशाळा, एक मालिका

‘मुंबईचा पाऊस’ अशा शीर्षकाखाली सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन्ही वेधशाळांची सरासरी घेण्याची प्रथाही तपासून पाहावी लागेल. ज्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिमी पडला, त्याच काळात कुलाब्याला ७५ मिमीही पडला नाही. दोहोंची सरासरी सुमारे ५०९ मिमी. एवढा पाऊस दोहोंपैकी एकाही वेधशाळेत पडला नव्हता. सरासरी मालिकेचा आयतालेख काढणारा अभ्यासक एका काल्पनिक ठिकाणाचे चित्र काढतो. मनोरीला सांताक्रूझची मालिका लावणे हेही अनुमानच आहे. ते कुलाब्यापेक्षा जवळचे, म्हणून ग्राह्य. पण त्याच दिवशी थोड्याच अंतरात पाऊस किती बदलला हे पाहता त्याचे अनुमानपण शीर्षकात नोंदले जावे.

खाडीची पातळी

भरती-ओहोटीच्या पातळ्यांचा आयतालेख पावसाच्या अगदी विरुद्ध धडा देतो. अपोलो बंदर येथील प्रमाण पातळ्या अशा आहेत : उधाणाच्या भरतीची सरासरी ४.४२ मीटर, भांगाच्या भरतीची ३.३०, समुद्राची मध्यम पातळी २.५१, भांगाच्या ओहोटीची १.८६ आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६. तासातासाच्या पातळ्या मालिकेत मांडल्या तर मध्यम पातळीपाशी गर्दी असेल असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक पाणी मध्यातून वेगाने जाते आणि भरतीच्या माथ्यावर व ओहोटीच्या तळाशी रेंगाळते. त्यामुळे वितरणाला दोन शिखरे येतात आणि मध्यम पातळीपाशी खळगा. सरासरी पातळी ही खाडीत क्षणभर असणारी पातळी आहे, हे मनोरीच्या कोळ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तिथी पाहून तो होडी काढतो.

आता याच मालिकेला शून्य ते दोन, दोन ते चार आणि चार ते सहा मीटर असे तीन वर्ग लावून पाहावे. मधला आयत सर्वांत उंच येतो, दोन्ही शिखरे त्यात बुडतात आणि घंटाकृती वितरणाचा भास होतो. विद्यार्थी तेथे मध्य आणि प्रमाण विचलन काढून मोकळा होतो. दहा वर्गांचे डिफॉल्ट येथे त्यापेक्षा बरे काम करते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. जे डिफॉल्ट पावसाच्या मालिकेत अपायकारक ठरले, तेच येथे पुरेसे ठरते. फरक मालिकेच्या जातीचा आहे.

पण उपनगराला भेडसावणारा प्रश्न या दोन आलेखांपैकी एकातही नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने आखलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ५० मिमीपर्यंत नेण्याची शिफारस केली. २००५ च्या पुरानंतर नेमलेल्या माधव चितळे समितीच्या कामातही पावसाच्या तीव्रतेचा हा विचार मध्यवर्ती होता. ‘तासाला’ आणि ‘ओहोटीच्या वेळी’ ही दोन बंधने लक्षात घेतली, तर दैनिक पावसाचा आयतालेख आणि पातळ्यांचा आयतालेख शेजारी ठेवून काहीच निष्पन्न होत नाही. आयतालेख मालिकेतील क्रम पुसून टाकतो. कोणता पाऊस कोणत्या भरतीवर आला, हे त्यात उरत नाही. मालिकेतील दिवसांचा क्रम कसाही पिसला तरी आयतालेख तोच राहतो, आणि पुराचा संबंध मात्र क्रमाशीच असतो.

दोन चलांचा एकत्रित आयतालेख काढण्याची सोय मॅटप्लॉटलिबमध्ये आहे. एका अक्षावर तासाचा पाऊस, दुसऱ्यावर त्याच तासाची पातळी आणि वारंवारतेनुसार गडद होत जाणारे चौकोन. मनोरीच्या खाडीसाठी उपयुक्त ठरेल ते हे चित्र. २६ जुलै २००५ ला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला १९० मिमीच्या आसपास पाऊस झाला, आणि ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. तो तास या चित्रात अगदी कोपऱ्यातील चौकोनात एकटा पडेल, पण तो दिसेल.

मात्र त्यासाठी दोन मालिका वेळेनुसार जोडाव्या लागतात, आणि तेथेही एक गृहीतक आड येते. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि नोंद मोजल्याच्या दिवसाच्या नावे होते. भरतीचे कोष्टक मध्यरात्रीपासून दिवस धरते. दोन्ही दैनिक मालिका तारखेवर जुळवण्याची आज्ञा दिली की लायब्ररी तक्रार न करता त्या जुळवते, आणि ९४४.२ मिमी पाऊस जोडला जातो तो २७ जुलैच्या भरतीशी.